तपासणाऱ्याचा रकाना

काका, आज मी तुमच्या बेसमेंटमध्ये तुम्हाला न विचारता उतरले आणि उतरल्या उतरल्या तुमच्यावर ओरडले. मेघना वरून धावत आली. "ताई, यू ओके?" मी म्हटलं, "तुझ्या बाबांशी भांडतेय, तू जा." बिचारी जिन्यावर दोन मिनिटं उभी राहिली आणि मग खरंच वर निघून गेली. तुमचीच मुलगी. भांडण चालू असताना मध्ये पडायचं नाही, हे तिला बरोब्बर कळतं.

तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. अकरा दिवस मी फार्मसीत उभी राहून लोकांना औषधं देतेय, हसतेय, इन्शुरन्सवाल्यांशी फोनवर वाद घालतेय. डोळ्यांतून टिपूस नाही. म्हटलं, बाप्पा, आपलं काळीज दगडाचं झालं की काय. आणि आज तुमच्या टेबलावर तो नव्या पावडरचा डबा बघितला, त्याचं सील फुटलेलं बघितलं, आणि जे सुटलं ते सुटलंच. "खोटं बोललात ना माझ्याशी! उघडलाच नाही म्हणालात ना!" असं काहीतरी ओरडत होते म्हणे मी. मेघनाने नंतर सांगितलं.

डब्याशेजारी पन्नासाची काडतुसांची पेटी होती. त्यात अडतीस भरलेली काडतुसं, बारा खाने रिकामे. झाकणावर तुमच्या अक्षरात चिकटपट्टी: "नवी." एवढंच.

भांडण पुढे नेण्याआधी जरा सुरुवातीपासून लावून घेते. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण मला माझ्यासाठी लावायचंय.

आपली ओळख झाली तीच मोजामोजीवरून. मी या देशात, पार्सिपनीला, नवी होते. तुम्ही ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायला आलात, बाटली उघडलीत आणि माझ्या काउंटरवर सगळ्या गोळ्या ओतून मोजायला लागलात. मागे सात माणसांची लाइन. मला असा राग आला की विचारू नका. "काका, मशीनने मोजल्यात, वर मी मोजल्यात." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "एकोणतीस आहेत." मी मोजल्या. एकोणतीस. पुन्हा मोजल्या. एकोणतीसच. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि तुम्ही एकदम मऊ आवाजात म्हणालात, "होतं गं. म्हणूनच दुसऱ्याने मोजायचं असतं." पुढच्या वेळी माझ्यासाठी डबाभर उप्पिट घेऊन आलात. कमी दिलेल्या गोळीबद्दल गिऱ्हाइकाने उप्पिट आणून देणं, हे जगात फक्त तुम्हालाच सुचेल.

तुम्ही जन्मभर मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्टर. दुसऱ्याने बनवलेला भाग हातात घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा, पास की फेल. काकू गेल्यावर तुम्ही बेसमेंटमध्ये हा उद्योग मांडलात. शनिवारी क्लबच्या रेंजवर रिव्हॉल्वर घेऊन कागदाच्या गोलावर नेम मारायचा, आणि त्याची काडतुसं विकत आणायची नाहीत, घरी स्वतः भरायची. मला पहिल्यांदा दाखवलंत तेव्हा मी दाराशीच थांबले होते. म्हटलं, काका, मी नागपूरची बौद्ध मुलगी, रोज पंचशील म्हणणारी, मला हे काय दाखवताय? तुम्ही म्हणालात, "कागदात जीव असतो का?" मी म्हटलं, "नाही." "मग बस. आणि हात धुऊन बस, पुरणपोळीपेक्षा सोपं आहे."

खरंच सोपं होतं. रिकामी पितळी केस, म्हणजे काडतुसाची पोकळ नळी. बुडाला प्रायमर, ठिणगी पाडणारी टिकली. आत मोजून पावडर. वर शिशाची गोळी दाबून बसवायची. "फरक एवढाच," तुम्ही म्हणाला होतात, "पोळी फुटली तर तवा खराब होतो. इथे पावडर दुप्पट पडली तर रिव्हॉल्वर फुटतं आणि बोटं जातात." आणि वर, "चहा घेणार?"

माझी आई फोनवर कपाळाला हात लावायची. "पोट्टे, तू तिकडे औषधं विकायला गेलीस की गोळ्या झाडायला?" मी म्हणायची, आई, दोन्हीकडे मोजायचंच काम आहे. दसऱ्याला तर आपली मजाच असायची. मी सकाळी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या वंदनेला जायची, आणि तुम्ही इकडे तराजूला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहायचात. पहिल्या वर्षी आपण यावर तासभर वाद घातला. दुसऱ्या वर्षापासून मी वंदनेहून परत येताना खीर आणायची आणि तुम्ही ती आधी स्वतः खायचात, मग चमचाभर तराजूसमोर ठेवायचात. "त्याला डायबेटिस आहे," म्हणायचात.

तुमचे नियम मला अजून झोपेत म्हणता येतील. एका वेळी टेबलावर एकच डबा. रेडिओ बंद. फोन वरच्या मजल्यावर. आणि सगळ्यात कडक नियम: दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपण मारायचं नाही. "अगदी माझंसुद्धा नाही," तुम्ही म्हणायचात. मी माझी भरायची, तुम्ही तुमची. पण गोळी बसवण्याआधी लाकडी ठोकळ्यात पन्नास केसेस उभ्या करून दुसऱ्याने वरून टॉर्च मारून प्रत्येकीत पावडर कुठवर आहे ते बघायचं. मग वहीत सही. त्या वहीला तुम्ही पट्टीने रकाने आखले होते: दिवस, पावडर, माप, भरणारा, तपासणारा. तुमच्या ओळीला माझी सही, माझ्या ओळीला तुमची. किती शनिवार झाले काका? मी मोजले नाहीत, त्या वह्या तीन आहेत.

आता पावडरवर येते.

तुमची जुनी पावडर म्हणजे पातळ पोहे. हलकी, फुगीर. एका मापात केस अर्ध्याच्या वर भरायची. चुकून दुसरं माप टाकलं तर बाहेर सांडून टेबलभर व्हायची. माझं तसं एकदा झालंही होतं, आणि तुम्ही तासभर माझी फिरकी घेतली होतीत. मग कंपनीने ती पावडर बनवणं बंद केलं. दुकानांतून गायब झाली. तुमच्याकडे दीड डबा उरला. तुम्ही तो असा पुरवून वापरायला लागलात की जसं काही गावाकडून आलेलं मेतकूट.

म्हणून तुमच्या वाढदिवसाला मी नवी पावडर आणली. रेंजवरचा डेव्ह म्हणाला होता, उत्तम आहे, धूर कमी, नेम पक्का. खसखशीसारखी बारीक, एक माप म्हणजे केसच्या तळाशी चिमूटभर. मी तिला चमकीचा कागद लावला, वर रिबिन. तुम्ही उघडलीत, चष्मा वर करून डबा निरखलात आणि म्हणालात, "बघू." तुमचं पुणेरी "बघू" म्हणजे काय ते मला आठ वर्षांनंतर न कळायला मी काय खुळी आहे?

पुढच्या शनिवारी मी आले आणि पहिलाच प्रश्न तो विचारला. "डबा उघडला का?"

"नाही."

"काहून?"

"मला नको ती पावडर. ती चूक लपवते."

"अहो काका, चूक माणूस करतो, पावडर नाही. टॉर्च आहे, मी आहे, वही आहे."

"नको म्हणालो ना सुजाता."

तुम्ही मला एरवी "सुजे" म्हणायचात. सुजाता म्हणालात म्हणजे विषय संपला, हे ओळखून मी गप्प बसायला हवं होतं. पण मला वाईट वाटलं होतं. मी हौसेने आणलेली वस्तू तुम्ही कोपऱ्यात ढकललीत असं वाटलं. मग माझी जीभ सुटली. म्हटलं, तुम्हाला नवं काही नकोच असतं. नवा फोन नको, नवा डॉक्टर नको, नवी पावडर नको. म्हातारे झालात आणि घाबरट झालात. आणि ही जुनी संपली की काय करणार?

तुम्ही ठोकळ्यातल्या केसेस एकेक करून पालथ्या घालत होतात. म्हणालात, "संपली की थांबेन."

मला वाटलं, रुसवा. मीही पर्स उचलली. त्या शनिवारी मी टॉर्च मारला नाही, सही केली नाही, उप्पिटसुद्धा खाल्लं नाही. पुढचे दोन शनिवार आले नाही. पहिल्याला स्टोअरमध्ये स्टॉक मोजायचा होता, हे खरं आहे. दुसऱ्याला काहीच नव्हतं. तुम्ही दुपारी फोटो पाठवलात, कढईभर उप्पिट, वर ओलं खोबरं. खाली एक शब्दही नाही. मी नुसता अंगठा पाठवला. सोमवारी सकाळी तुम्ही मेलबॉक्सपाशी गेलात आणि तिथेच बसलात, आणि संपलं. शेजाऱ्याने बघितलं तेव्हा पत्रं हातात होती म्हणे.

तो अंगठा मला परत घेता येत नाही काका. फोनमध्ये तो आपला शेवटचा शब्द म्हणून बसलाय.

तर आज. मेघनाने बोलावलं होतं. "ताई, प्लीज तू ये ना, मला काय टच करायचं आणि काय नाही, आय हॅव नो आयडिया." रिव्हॉल्वर कुलपात आहे, त्याचं कायद्याने जे व्हायचं ते ती बघतेय. टेबल मी आवरायचं ठरलं. आणि मी तो फुटलेला डबा बघितला. माझ्या मनात आलं ते सांगते, लाजायचं कशाला: मला वाटलं, भांडणानंतर तुम्ही हट्टाने एकट्याने नवी पावडर भरून बघितलीत. मी तुम्हाला घाबरट म्हटलं म्हणून. मी डिवचलं म्हणून एक म्हातारा माणूस एकटा बेसमेंटमध्ये बसून तपासणाऱ्याशिवाय काडतुसं भरतोय, आणि ती पुढे कुणी उचलून मारली असती तर?

मग वही उघडली.

शेवटच्या पानावर खालून वर वाचत गेले. शेवटची ओळ: "शनिवार. तपासणारी आली नाही. भरल्या नाहीत." त्याच्या वरची ओळ: "शनिवार. तपासणारी आली नाही. भरल्या नाहीत." त्याच्या वर भांडणाचा शनिवार, भरणारा तुम्ही, भरलेल्या शून्य. म्हणजे माझ्यामागे तुम्ही एक केससुद्धा भरली नव्हतीत. आणि त्या सगळ्याच्या वर, मंगळवार. तुमच्या वाढदिवसानंतरचा, भांडणाच्या आधीचा मंगळवार. तुमचं नेहमीचं कोरल्यासारखं अक्षर तिथे जरा उतरतं गेलंय.

"नवी पावडर. शनिवारी सुजीला चकित करू. ५० भरल्या. डबा परत तोलला, एक माप जास्त गेलंय. म्हणजे एकीत दुप्पट. उघडत गेलो, बारावीत सापडलं. टॉर्च मारून बघितलं होतं का? आठवत नाही. बघितलंच असणार. आठवत नाही."

भरणारा: ग., तुमच्या नावाचं पहिलं अक्षर. तपासणारा: कोरं.

मी तिथे स्टुलावर बसले. किती वेळ बसले ते मलाही आठवत नाही.

म्हणजे मी "घाबरट" म्हणत होते तेव्हा तुम्ही ते सगळं पोटात ठेवून केसेस पालथ्या घालत होतात. तुम्ही माझी पावडर कोपऱ्यात ढकलली नव्हतीच. मंगळवारीच, माझ्यासाठीच, उघडली होतीत. तुम्हाला विसरायला होत होतं, आणि ते तुम्हाला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं. जुनी पावडर तुम्हाला हवी होती कारण ती सांडून ओरडून सांगते, की बाबा रे, तू मला आधीच टाकलंयस. नवी गुपचूप तळाशी बसते. "ती चूक लपवते." मी फार्मसिस्ट, मला कळायला नको? तुम्ही महिन्यापूर्वी माझ्याकडून वारांची नावं असलेला गोळ्यांचा डबा घेऊन गेलात, रविवार ते शनिवार. "एका मित्राला हवाय." मी डोळे मिचकावून विचारलं होतं, "मित्र ब्लडप्रेशरवाला का?" तुम्ही हसलात. तो डबा आज तराजूमागे होता, झेंडूची वाळकी पाकळी चिकटलेला.

मेघना चहा घेऊन खाली आली. मी वही तिच्यासमोर धरली. तिला मराठी बोललेलं कळतं, हाताने लिहिलेलं वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवली. ती म्हणाली, "बाबांना हे माहीत होतं?" मी म्हटलं, "हो गं. त्यांना माहीत होतं." ती म्हणाली, "मला एकाच दिवशी दोनदा कॉल करायचे. सेम स्टोरी. मला वाटलं, लोनली आहेत, म्हणून मी परत ऐकायचे. मी काही बोलले नाही." मग ती रडली, आणि मला अकरा दिवसांचं एकदम आलं. दोघी एका स्टुलावर. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, रडायचं तर वर जाऊन रडा, इथे पावडर आहे.

रागावलेय मी तुमच्यावर, हे सांगूनच टाकते. सांगायला काय झालं होतं? तुम्हाला वाटलं, सुजी मेघनाला सांगेल, मेघना टेबल काढून टाकेल. बरोबर वाटलं. सांगितलंच असतं मी, त्याच संध्याकाळी. पण त्यानंतर दर शनिवारी आलेही असते. तुम्ही नुसते बसला असतात, मी भरलं असतं, तुम्ही टॉर्च मारला असता आणि माझ्या चुका काढल्या असत्या. तेवढं तर तुम्हाला शेवटपर्यंत जमलं असतं ना? आणि अजून एक. पावडर वाईट नाहीये. यावर आपण पुन्हा कधीतरी भांडू.

चहा पिऊन मी कामाला लागले. मेघना म्हणाली, "बट ही फाउंड इट ना? उरलेली ओके असतील." हिशेबाने असायलाच हवीत. पण हिशेबाने माझ्याही बाटलीत तीस गोळ्या होत्या. म्हणून तुमचा तो प्लास्टिकचा हातोडा काढला. काडतूस त्याच्या डोक्यात अडकवायचं, लाकडावर ठोकायचं, दोन-तीन ठोक्यांत गोळी सुटते आणि पावडर आत पडते. एकेक उघडत गेले. प्रत्येकीतली पावडर तुमच्या तराजूवर ठेवली. एक. बरोबर. दोन. बरोबर. दर वेळी काटा तिथेच येऊन थांबायचा. दहाच्या पुढे मेघना मोजायला लागली, इंग्लिशमध्ये, लहान मुलीसारखी मोठ्याने. वीस झाल्यावर माझा खांदा भरून आला तर हातोडा तिने घेतला. पहिला ठोका इतका हळू मारला की काहीच झालं नाही. "जोरात मार, बाबा काही म्हणणार नाहीत," म्हटलं, तर हसली.

अडतीस. अडतीसच्या अडतीस बरोबर. केसाचाही फरक नाही. एवढ्या उतरत्या वयात, आठवण हातातून निसटत असताना, काका, तुमच्या हाताने पन्नासात एकोणपन्नास वेळा तेच माप टाकलं होतं. आणि जे एक चुकलं ते तुम्हीच पकडलंत, आणि लिहूनही ठेवलंत. मशीन शॉपमधल्या कुठल्या इन्स्पेक्टरने स्वतःला असं फेल केलं असेल?

ती पावडर आम्ही तुमच्याच पद्धतीने मागच्या लॉनवर पातळ पसरून टाकली. गवताला खत होतं, तुम्हीच सांगायचात. मेघनाने तुमच्या गुलाबाखालीही चिमूटभर टाकली. मग ती हात धुवायला आत गेली आणि मी परत खाली आले.

वहीतला मंगळवार काढला. तुमचं पेन तिथेच होतं, दोऱ्याने टेबलाला बांधलेलं, कारण मी दर वेळी ते पर्समध्ये घालून न्यायची. कोऱ्या रकान्यात लिहिलं: "उरलेल्या ३८ उघडून तोलल्या. सर्व बरोबर. तपासणारी: सुजाता." उशीर झाला. दोन शनिवार आणि वर अकरा दिवस. पण सही केली.

आणि मग त्या एका केसबद्दल, त्या बारावीबद्दल, तुम्हाला कुणीतरी म्हणायला हवं होतं ते रिकाम्या बेसमेंटमध्ये मोठ्याने म्हटलं. होतं हो काका. म्हणूनच दुसऱ्याने मोजायचं असतं.